ट्रॉलीतून पडलेलं बीट

पारगावला कारखान्याचं गाळप सुरू झालं की मळीचा वास आमच्या ओट्यापर्यंत येतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मी दार सताड उघडं ठेवते.

मी पूर्वी जर्मनीत होते; तिथं नोकरीला लागून महिनाच झाला होता, तेव्हाची गोष्ट. ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची बाई रोज सांगायची, काम सुटलं की सरळ खोलीवर जा, तुझ्यासारखीला इथं बघण्यासारखं काही नाही. फोनवर आईचंही तेच, "एकटी हिंडू नको, लई लांबचं गाव हाय ते." एका संध्याकाळी ट्राममधून उतरले आणि हाच वास आला. दोघींचं सांगणं बाजूला ठेवून मी त्याच्या मागं चालत सुटले.

शहराच्या टोकाला साखर कारखाना निघाला. तिथं ऊस नव्हता, साखर ज्यांची करतात त्या पांढऱ्या बिटांनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग होती. एक बीट घरंगळत माझ्या पायाशी आलं. आमच्याकडं ट्रॉलीतून पडलेला ऊस ज्याला सापडेल त्याचा. मी ते उचललं, कोटाला पुसलं आणि चावलं.

ट्रॅक्टरवाला ओरडत खाली उतरला. ते त्याचं होतं म्हणे.

"पडलं की ते रस्त्याचं," मी मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले आणि त्याच्याकडं बघत दुसरा घास घेतला.

ते पांढरं बीट कच्चं खायची वस्तू नाही, हे आज मी कबूल करते. घशात माती गेली होती. तरी थुंकले नाही.

दुसऱ्या दिवशी ते चावलेलं बीट मी त्या बाईच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "हे बघून आले."