सदतीस होकार आणि एक नकार

फोटो मी कापला. हे आधीच कबूल केलेलं बरं. आम्ही कॅनडातले मेनोनाइट, साध्या राहणीचा जुना ख्रिस्ती पंथ; आमच्या मंडळीच्या प्रार्थनाघराला नव्वद वर्षं होत होती. मी मंडळीचा चिटणीस, म्हणून बांधकामाच्या वेळचा जुना फोटो दारातल्या भिंतीवर लावायचं काम माझ्याकडे आलं. आणलेली चौकट चार बोटं अरुंद निघाली. ती बदलायला विनिपेगपर्यंत कोण जाणार? मी कात्री घेतली. अर्धवट भिंतीपुढे उभे असलेले अकरा दाढीवाले बंधू शाबूत राहिले. उजव्या कडेला पावांची टोपली घेतलेली एक बाई होती, ती गेली. चौकटीत तिचं फक्त कोपर उरलं.

ते कोपर जस्टिनामावशीच्या आईचं होतं.

जस्टिना वोल्गमुट, वय ब्याऐंशी, लग्न नाही, प्रार्थनाघराच्या किल्ल्या कमरेला. त्रेपन्न साली ऑर्गन आणावा की नाही यावरून आमची मंडळी फुटली. नको म्हणणाऱ्यांनी रस्त्यापलीकडे दुसरं प्रार्थनाघर बांधलं. तेव्हापासून दर रविवारी दोन्हीकडचे लोक समोरासमोर गाड्या लावतात, एकमेकांना हात करतात आणि आपापल्या दारात शिरतात. मावशीचे वडील पलीकडे गेले. सतरा वर्षांची मावशी गेली नाही. ऑर्गनच्या बाजूने होती म्हणून नव्हे. इथली शेगडी कोण पेटवणार, एवढंच तिने वडिलांना विचारलं. शेगडी जाऊन हीटर आला, ऑर्गनही मोडला, मावशी तिथेच आहे.

खोटं तिला बोलता येत नाही. नव्या पाळकांनी पहिल्या प्रवचनानंतर हौसेने विचारलं, कसं झालं? "लांब," मावशी म्हणाली. बायकांना सभेत मत मिळालं तेव्हा पहिलाच ठराव स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आभार मानण्याचा होता. विरोधात एकच हात वर आला, मावशीचा. आभार नकोत, भांडी घासायला दोन बंधू पाठवा, म्हणाली. बंधू अजून यायचे आहेत.

अशा बाईला आमच्याकडचा तो प्रश्न विचारायचा म्हणजे संकटच. प्रभुभोजनाआधी मंडळीचा सेवक, म्हणजे डीकन, घरोघर जाऊन विचारतो, देवाशी आणि मंडळीशी तुझी शांती आहे का? सगळे 'आहे' म्हणतात. आठवडाभर बायकोशी अबोला धरलेला माणूसही 'आहे' म्हणतो आणि आतून बायको खाकरते. पण एक जरी 'नाही' आला तरी भाकर मोडायची नाही, म्हणजे प्रभुभोजनच नाही, असा नियम आहे. त्रेपन्नच्या आधी दोन वर्षं मोडली नव्हती. त्यातून काय झालं, ते रस्त्यापलीकडे उभं आहे.

आणि यंदा पलीकडचे येणार होते. पासष्ट वर्षांनी एका टेबलावर भाकर, एकमेकांचे पाय धुणं, मग सगळ्यांचं जेवण. आमच्या पाळकांनी त्यासाठी दोन हिवाळे खेटे घातले होते. डीकन याकोब टाइखरोब सदतीस होकार गोळा करून मावशीकडे गेले आणि तोंड पाडून परत आले.

मग मी गेलो. माफी मागितली. मावशीने कॉफी दिली, माफही केलं.

"मग आता शांती आहे ना?"

"नाही."

"अगं, आत्ताच माफ केलंस की!"

"केलं ना. तू चुकलास, मी माफ केलं. याकोबने दुसरं विचारलं होतं."

तुला हवंय तरी काय, म्हटलं, तर काही नको म्हणाली. विचारलं म्हणून सांगितलं. पाळक गेले, त्यांनाही कॉफी मिळाली. याकोब पुन्हा दोनदा गेले. याकोबच्या बायकोकडून मला एवढंच कळलं, की मावशी अकरा वर्षांची असताना आई गेली, आणि फोटो काढणं म्हणजे गर्व असं मानणाऱ्या त्या घरात आईचा दुसरा फोटोच नव्हता. शनिवारी झाडलोट झाली की मावशी पाळकांच्या कपाटातून हाच काढून बघायची.

मी केराचे डबे उपसले, गाडीच्या सीटखाली हात घातला. कापलेला तुकडा मिळेना. तीन आठवडे गेले, आणि प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, भाकर मोडणार नाही असा निरोप पलीकडे पाठवायला पाळकांनी कागद घेतला.

जेवण तरी होणारच होतं, म्हणून तळघरातली टेबलं हलवत होतो. मावशीचं पीठ मळायचं टेबल उचललं, आणि त्याच्या एका पायाखाली चार घड्या केलेला पुठ्ठा दिसला. चौकट लावली त्याच दिवशी, टेबल डुगडुगतं म्हणून, खिशात हाताला लागेल ते मीच तिथे सारलं होतं. तीन आठवडे मावशी आईच्या फोटोवर टेबल टेकवून, गोळ्यावर गोळा ठेवत आमचे दुमजली पाव वळत होती.

याकोबना घेऊन धावत तिच्याकडे गेलो. तिने हात पुसले, घड्या उलगडल्या. मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं. कॅमेऱ्यासमोर बाई ऐन वेळी वळली होती. डोक्याचा रुमाल, एप्रनची गाठ, टोपली धरलेलं कोपर. बस.

मावशीने तो तुकडा खिडकीशी उजेडात धरला. याकोबनी घसा साफ करून तो प्रश्न पुन्हा विचारला.

"आहे," ती म्हणाली.

याकोब पाळकांना गाठायला दाराकडे धावले. माझा मात्र तीन आठवड्यांचा साठा होता.

"मावशी, एवढ्यासाठी? दोन मंडळ्यांची भाकर अडवून धरलीस, पाळक अर्धे झाले, मी केरात हात घातले. आणि यात चेहरासुद्धा नाही गं! नुसती पाठमोरी बाई आहे!"

ती अंगठ्याने चुण्या सपाट करत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचा चेहरा मला आरशात दिसतो."