आईचं डावं-उजवं

मी लिहावं एवढी माझी पात्रता नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर माफ करावं.

वर्गात सरांनी 'असमानपणे' याच्या जवळचे शब्द विचारले. कुणी 'विषम रीतीने' म्हणालं, कुणी 'पक्षपाताने'. मला आमच्या घरातलं 'डावं-उजवं' आठवलं.

त्या शनिवारी करमाडला घरी गेलो. हॉस्टेलला राहायला लागल्यापासून आई मला पाहुण्यासारखं वेगळं ताट वाढते, भाकरीवर तूप घालते. धाकटा भाऊ मात्र तिच्याच ताटात जेवतो. बोलता बोलता ती त्याच्यापुढं भाकरी कुस्करत होती. मला तुपाची चव लागेना.

“आई, तू लई डावं-उजवं करतीस,” मी म्हणालो.

“व्हय, तुलाच जास्त वाढते की,” आई हसली. भाऊही हसला. मला त्याचा आणखीच राग आला.

बारावीनंतर तोही शहरात शिकायला येणार होता. मग त्यालाही पाहुणा व्हावं लागेल, म्हणून मी वाट बघत होतो. परवा त्याचा फोन आला.

“दादा, मी नाय येत. म्हशींकडं कुणीतरी पाह्यजे. आई म्हणली, शिकायचं ते एकानंच.”