सुभेदारांचा तीस फुटी ओढा

आमच्या शेजारच्या सुभेदारांइतका पाण्याचा चिक्कू माणूस सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा झाला नसेल, आणि तरीही अख्ख्या विश्रामबागेत पाण्याची चैन करणारा म्हणून बोट दाखवलं जाई ते त्यांच्याकडेच. कारण त्यांच्या बागेत ओढा होता. खरा नव्हे, स्वतः बांधलेला. वरच्या अंगाला एक दगडी डोण, तिथून काळ्या दगडांमधून वळणं घेत तीस फूट उतरणारी चर आणि खाली हौद. पलटणीत पूल बांधण्यात उमर घालवलेला हा साठीचा गृहस्थ रोज संध्याकाळी हौदातलं पाणी बादल्यांनी वर नेऊन डोणीत ओतायचा आणि मग खुर्ची टाकून ते खाली येताना बघत बसायचा. हा काय उद्योग, असं मी एकदा विचारलं. सुभेदार मूळचे माणदेशातले. म्हणाले, "मास्तर, आमच्या गावचा वढा म्हंजी निस्ती वाळू. दिवाळीनंतर त्यात पाणी मी जल्मात बघितलं न्हाई. म्हटलं, मरायच्या आधी आपल्या दारातनं बारा म्हयनं वढा वाहता पायजे."

आता ओढा म्हटला की दगडांच्या सांध्यांतून पाणी मुरणार. सुभेदारांचं वैर होतं ते या मुरण्याशी. सिमेंटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चुना महिनाभर भिजत घालायचा, त्यात वाळू, हिरड्याचं पाणी आणि गूळ घालून तो घोटायचा आणि सांधे भरायचे, ही त्यांची रीत. सिमेंटला भेग पडली की पडली, चुना आपली बारीक भेग आपणच बुजवतो, असं ते सांगत. त्या दिवसांत त्यांच्याकडचा चहा अगोड असे, कारण गुळाची ढेप बागेत गेलेली असे. सुभेदारीणबाई कपाळाला हात लावून म्हणत, "सवत केली असती तर परवडली असती, तिनं गूळ तरी एवढा खाल्ला नसता."

हौदाशेजारी ते पाण्यानं भरलेली एक बादली ठेवत आणि दोन्हींत खुणेची काठी. बादलीतलं पाणी जेवढं उतरेल तो उन्हाचा वाटा. हौदातलं त्याहून बोटभर जास्त उतरलं की त्या दिवशी सुभेदार कुणाशी बोलत नसत. गुडघ्यांवर बसून चरीत साठलेल्या पाण्यात हळदीची चिमूट सोडत आणि पिवळी रेघ ज्या सांध्याकडे ओढली जाईल तिथे खडूनं फुली मारत. मी शाळेत मराठी शिकवणारा माणूस, कुंपणापलीकडून मनसोक्त हसत असे. माझ्याकडे सिमेंटचा नवाकोरा हौद होता ना!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी. माझ्या घरी ते पुरेना, म्हणून मी बायकोवर रोज तोंडसुख घ्यायचो. आणि शेजारी ओढा वाहतोय! उन्हाचा वाटा सुभेदार स्वतःची अंघोळ टाळून वाचवलेल्या पाण्यानं भरून काढत, हे मला ठाऊक होतं. पण पुढच्या मे महिन्यात त्यांच्या कुंपणाशी ओल दिसली आणि माझं डोकं फिरलं. मी नगरपालिकेला निनावी तक्रार लिहिली. पाण्याची चोरी, नासाडी, सगळं घातलं. खाली 'एक त्रस्त नागरिक'. निदान अक्षर तरी वाकडंतिकडं काढायचं, पण नाही! सुंदर अक्षराची बक्षिसं मिळवलेला माणूस मी. वाईट अक्षर काढणं जिवावर आलं.

नगरपालिकेचा माणूस आला. मीही साळसूदपणे कुंपणाशी उभा राहिलो. सुभेदारांनी त्याला दोन्ही काठ्या दाखवल्या. हौद आणि बादली, अगदी बरोबर. मग ही ओल कुठली? सुभेदारांनी पहार घेऊन ओलीचा माग काढत खणायला सुरुवात केली आणि ओल कुंपणाखालून थेट माझ्या नव्याकोऱ्या हौदाच्या बुडाशी येऊन थांबली. माझं निम्मं पाणी जमिनीत जात होतं आणि मी बोलणी बायकोला देत होतो. तो माणूस हसून तक्रारीचा कागद सुभेदारांच्या हातात ठेवून गेला. त्यांनी तो वाचला, चार घड्या घातल्या, खिशात टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याचं घमेलं घेऊन ते माझ्या दारात. तीन दिवस माझ्या रिकाम्या हौदात बसून त्यांनी सांधा न् सांधा भरला. तेवढे दिवस आम्हाला पाणी कुठलं? ते त्यांच्या ओढ्यातलं. लोकांच्या घागरी रित्या असताना दारात पाणी खेळवणं बरं नव्हं, आपलं चुकलंच, असं म्हणत त्यांनी ओढा उपसला आणि घरोघर बादल्या पोचवल्या. पहिली बादली माझ्या दारात. मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

त्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. नळ वाहू लागले. सुभेदारांनी ओढा भरला नाही. दर दिवाळीनंतर सांधे मात्र भरत राहिले, कोरड्या दगडांचे. एकदा बंदुकीच्या लायसनचा अर्ज लिहून घ्यायला आले. त्यांचे सगळे सरकारी अर्ज वर्षानुवर्षं मीच लिहीत असे. मी म्हटलं, आता दुसऱ्या कुणाकडून घ्या. तर शेजारी बसत हळूच म्हणाले, "न्हाई मास्तर, तुमीच लिवा. तुमचं अक्षर मी कुठंबी वळखतो."

माझ्या टाकातून कोऱ्या कागदावर शाईचा डाग पडला. त्यांनी दौत जरा बाजूला सरकवली आणि म्हणाले, "सावकाश. मला घाई न्हाई."

सुभेदार गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात मी माझ्या हौदाशेजारी बादली ठेवतो. दोन्ही काठ्या बरोबरीनं उतरतात, त्यांनी भरलेल्या सांध्यांतून थेंब जात नाही. माफी मागायला जीभ रेटली नाही, ते एक वेळ असो. पण सुभेदार, ओढा पुन्हा भरा, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं.