सरांच्या नावाचा फोल्डर

"वाडीवरच्या पोरी कॉम्प्युटरवर बसवल्या की हे असंच होणार."

धाटाव एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये, सगळ्या स्टाफसमोर, सर हसत हसत हे बोलले. सर म्हणजे पेणच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसचे मालक. मी रोह्याकडच्या आदिवासीवाडीतली, त्यांच्याकडं दोन वर्षं नोकरीला. सगळे हसले. एक म्हातारा ऑपरेटर तेवढा नाय हसला. मी खाली मान घालून उभी. माझी मलाच किळस आली.

झालं काय होतं? आम्ही बसवलेलं सॉफ्टवेअर तिथं सुरूच होईना. ते लिहिलेलं रुबी या प्रोग्रामिंगच्या भाषेत. त्याला लागणारे तयार तुकडे म्हणजे जेम. लिनक्स मशीनवर बसवायचं पॅकेज बांधताना ते पॅकेजच्या आत बसवायचे, म्हणजे कुठल्याही मशीनवर सापडतात. सरांनी बसवले स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या खात्यातल्या फोल्डरात. पॅकेजात गेला नुसता त्या फोल्डरचा पत्ता. धाटावच्या मशीनवर तो फोल्डर कुठून येणार? मी आधी सांगितलं होतं. "तू पॅक कर, डोकं चालवू नकोस," म्हणाले.

पेणला आल्यावर त्यांनी कागद पुढं केला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे सॉफ्टवेअर बंद पडले.' खाली माझं नाव टाइप केलेलं.

"सही कर. लहान माणसाची चूक लोक विसरतात."

तो कागद धाटावात फिरला असता तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. हे त्यांना पक्कं ठाऊक.

पेन हातात घेतलं होतं मी, खोटं कशाला बोलू? मग आय आठवली. डोलवीच्या कारखान्यात ठेक्यावर झाडलोट करते. मुकादमानं काय सांडलं तरी "मीच सांडलं" म्हणते, काम टिकावं म्हणून. मला तिचा राग यायचा. आणि मी तरी काय करत होते? शिसारी आली. पेन खाली ठेवलं.

"चूक तुमची हाय. सही तुम्ही करा."

ते लालबुंद. मग एकदम मऊ आवाजात, "बरं बाई, राहू दे. तिथं मशीनवर माझ्या नावाचा फोल्डर बनव, जेम त्यात टाक, म्हणजे पत्ता जुळेल. कुणाला कळणार नाही."

म्हणजे यांची घाण मीच गुपचूप झाकायची, आणि वर बोलणीही मीच खायची! थू.

"नाय बनवणार."

मी पॅकेज नव्यानं बांधलं, जेम आतच बसवले. पॅकेजसोबत बदलांची नोंद जाते. तिच्यात लिहिलं: 'जुन्या पॅकेजात जेमचा पत्ता मालकांच्या खात्यातला होता. मी आधी सांगितलं होतं.' खाली माझं पूर्ण नाव, वाडीचं पण. धाटावला सरांसोबत जाऊन त्याच लोकांसमोर बसवलं. चालू झालं, पडद्यावर ती नोंद पण आली. म्हातारा ऑपरेटर म्हणाला, "काय लिवलंस ते वाच गो पोरी. मोठ्यानं वाच."

वाचलं. या वेळी कुणी हसलं नाय.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"येणार. अनुभवाचा दाखला न्यायला. त्यात 'निष्काळजी' लिहिलंत, तर ही नोंद घेऊन धाटावच्या एकेका गेटवर उभी राहीन."