नाचासाठी बंद केलेले दिवे

“ही नको. ही आदिवासी वाटत नाही.”

ज्यांच्या घरी नाचायचं होतं त्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या अंगावर धुतलेला सलवार-कमीज होता, पायात चपला होत्या. मी पालघरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि चांगले असे तेच कपडे माझ्याकडे होते.

“वाटत नाय म्हंजे?” आई हसत म्हणाली. “माझीच पोर हाय ती, बाई.”

“मग तुझ्यासारखं लुगडं नेसव तिला. गुडघ्यापर्यंत. पाहुणे मुंबईहून आलेत. सगळं खरं वाटलं पाहिजे.”

बोईसरच्या एका कारखान्याच्या साहेबलोकांची कॉलनी होती ती. आई तिथल्या बागेतलं गवत काढायची. नाताळच्या सुट्टीत बाईंच्या घरी जेवण होतं आणि आमच्या पाड्यावरच्या बायांनी येऊन नाचायचं होतं. काका तारपा, आमचं भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, वाजवणार होता. दिवसभर भात झोडून सगळ्या आल्या होत्या. हातांना भाताची कुसळं टोचलेली, डोळे मिटत आलेले.

खरं सांगते, मी नाचायला आलेच नव्हते. मी दिवे बघायला आले होते. आमच्या पाड्यावर वीज नव्हती. दिवाळीला आम्ही कारिटाचं कडू फळ कापून त्याच्या अर्ध्या वाटीत तेल-वात घालून दिवा करायचो. एक दाराशी, एक गोठ्यात, एक भाताच्या कणगीपाशी. तो दिवा मला आवडतोच. पण कॉलनीत झाडांवर रंगीत बल्बच्या माळा लागतात, असं आई दर हिवाळ्यात सांगायची. ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

माळा खरंच सुंदर होत्या. लाल, हिरव्या, पिवळ्या. विझायच्या, पुन्हा लागायच्या. आईच्या दमलेल्या चेहऱ्यावर रंग येत होते, जात होते.

“कोन फुकतंय नि कोन पेटवतंय गं?” तिने विचारलं, आणि स्वतःच हसली.

मला वाटलं, सणाचे दिवे यासाठीच असावेत. थंडीत, कामाने मोडलेल्या माणसाने थोडा वेळ मान वर करावी.

काकीने गाठोड्यातलं लुगडं दिलं. मी झाडामागे जाऊन नेसले. तेव्हा मी नाही म्हणाले नाही. आईचं काम होतं तिथे.

एकमेकींच्या कमरेला हात घालून आम्ही उभ्या राहिलो. बाई ओरडल्या, “लाइट बंद करा! मशाली लावा. हे लोक अंधारातच शोभतात.”

सगळ्या माळा एकदम गेल्या. रॉकेलचा धूर डोळ्यांत शिरला. काकाने तारपा फुंकला. तो मध्ये, आम्ही त्याच्याभोवती. तारप्याला पाठ दाखवायची नाही, हे आमच्यात कोणाला शिकवावं लागत नाही.

बाईंचे साहेब कॅमेरा घेऊन पुढे आले. “अरे, पाठ काय दाखवता? एका रांगेत या. तोंडं इकडे.”

तारपा थांबला. काकाने आईकडे पाहिलं. मग मान खाली घातली. “फिरा बायांनो. त्यांच्याकडं तोंड करा.”

बाया फिरल्या. आईसुद्धा. काका त्यांच्या पाठीमागे एकटाच उभा राहिला.

मी फिरले नाही.

“आमी तारप्याला पाठ दावत नाय,” मी म्हणाले. कॉलेजातली मराठी तोंडात आलीच नाही. “आन् लाइट लावा. आमाला पन दिसू दे.”

पाहुण्यांतलं कोणीतरी हसलं. बाई आईला म्हणाल्या, “शिकवलंस ना पोरीला? भोग आता.”

आम्हाला न जेवता जायला सांगितलं. आई पाड्याजवळ आल्यावर बोलली.

“तू बोललीस, बरं वाटलं तुला. आता मला काम कोन देईल?”

बाईंनी तिला पुन्हा बागेत येऊ दिलं नाही. उरलेला हिवाळा ती वीटभट्टीवर गेली.

यंदा कॉलेजचं स्नेहसंमेलन आहे. मांडवाला माळा लागल्या आहेत. सरांनी बोलावून विचारलं, “तुमचा नाच बसवशील का? मशाली वगैरे लावून?”

मी म्हणाले, “बसवते, सर. पण सगळे दिवे लावून. गोल करून. तारपा मध्ये राहील, तुमच्याकडे आमची पाठ होईल. हे चालणार असेल तरच.”

सर विचार करून सांगतो म्हणाले. त्यांनी करावा. माझा झाला आहे.