डोंगर पाहणारे शिकारी आणि माझी बकरी

शिकारी डोंगरावर शिकारीसाठी जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी शिकाऱ्याच्या घरी संसार केलेला नाही. मी केला. माझा सासरा आणि नवरा दोघेही शिकारी. तेव्हा आतासारखी बंदी नव्हती. सासऱ्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि आमचा तांडा पांढरकवड्याच्या पलीकडे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. दोघे पहाटे जायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत यायचे. काय आणलं असं सासूने विचारलं की सासरा सांगायचा, "आज वर हवा लय चांगली होती."

"घ्या मंग, हवाच शिजवतो," सासू म्हणायची.

माझं माहेर नेरकडचं. तिकडे सपाट काळी जमीन आणि कापूस. डोंगर म्हणजे जिथे काही पेरता येत नाही ती जागा, एवढंच मला ठाऊक. त्याच्याकडे दिवसभर बघत बसणारी माणसं मी सासरीच पहिल्यांदा पाहिली.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नणंदेला पाहायला मुकुटबनकडच्या एका तांड्यातून पाहुणे येणार होते. आमच्याकडे सोयरिकीच्या पाहुण्याला मटण वाढलं नाही, तर तो अपमान समजून उठून जात असे. घरात बोकड उरला नव्हता. सासऱ्याने छाती ठोकून सांगितलं, "रानडुक्कर आणतो. इवायाले डुकराचं मटण खाऊ घालतो." (घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजाऱ्यांची बोलीच बोलायचो. सगळ्यांना कळावं म्हणून इथे वऱ्हाडीत लिहिते. इवाई म्हणजे व्याही.)

"अन् नाही भेटलं त?" सासूने विचारलं.

"त बकरी हाय ना."

घरात बकरी एकच होती आणि ती माझी. बापाने लग्नात दिलेली. शिवाय गाभण. सासू म्हणाली, गाभण नाही, पाला खाऊन पोट फुगलं. मी म्हटलं, हात लावून पाहा. तिने हात लावला, बराच वेळ पोट चाचपलं आणि म्हणाली, "पालाच हाय."

आता आमच्यातली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सून सासऱ्याशी बोलत नसे. घुंगट ओढायचा आणि गप्प राहायचं. वडीलधाऱ्यांपुढे नवऱ्याशीही बोलायचं नाही. फारच गरज पडली तर तिसऱ्याच कुणाला तरी सांगायचं, सासऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. सासराही उत्तर त्या तिसऱ्यालाच द्यायचा.

पाहुणे यायच्या दिवशी दोघे पहाटे बंदूक घेऊन गेले. दिवस वर आला तशी सासू दगडावर सुरा घासायला बसली. बंदुकीचा एकही आवाज आला नव्हता. मी भाकरी बांधल्या, बकरीचा दोर हातात धरला आणि निघाले.

"बकरी कायले नेतं?" सासूने विचारलं.

"भाकरी द्याले जातोच, त चारून आणतो," मी म्हटलं. बकरी माझ्याजवळ असली म्हणजे सुऱ्याजवळ नाही, एवढाच माझा हिशोब.

वर गेले तर दोघे कड्यावरच्या चपट्या दगडावर पाय सोडून बसलेले. बंदूक तेंदूच्या झाडाला टेकवलेली. खाली पळस फुलला होता आणि हे दोघे देवळात बसल्यासारखे गप्प. मला राग आला. पण बोलणार कुणाशी? तिथे तिसरं कोणी नव्हतं. मी बकरीकडे तोंड केलं.

"पाह्य वो बाई, तुहा जीव वाचवाले आलेले मानसं कसे काम करून राह्यले."

सासऱ्याने मान वळवली आणि कुणाकडेच न पाहता म्हणाला, "बकरीले म्हणा, सागाचा पाला वाळला हाय. पाय टाकला की वाजते. जनावर पळून जाते."

"बाई, मंग घरीच बसाचं होतं. इथं येऊन कायले बसले?"

"बकरीले म्हणा, तो समोरचा कडा पाहा. आता त्याच्यावर ऊन येते, मंग तो तांब्यावानी दिसते."

"बाई, इवाई तांबं खाते का?"

नवरा फिसकन हसला.

मी भाकरी सोडत होते, तेवढ्यात सासऱ्याने हात वर केला. खाली नाल्यात डुकरीण उतरत होती, मागे पिल्लांची रांग आणि सगळ्यात मागे मोठा दातऱ्या डुक्कर. नवऱ्याने हळूच बंदूक घेतली आणि नेम धरला.

"थांब," सासरा म्हणाला.

"काहून?"

"पानी पिऊ दे त्यायले."

सगळी पाणी प्यायली. नवऱ्याने पुन्हा विचारलं, "आता?"

"मोठा काठावर चढते. चढू दे. पाहू दे."

डुक्कर काठावर चढून उभा राहिला. हे दोघे त्याच्याकडे नवरदेव पाहावा तसे पाहत होते. मला त्याच्यात चार पातेली मटण दिसत होतं. आणि नेमकी तेव्हाच माझी बकरी ओरडली. अशी ओरडली की पलीकडचा डोंगरही ओरडला. क्षणात नाला रिकामा.

सासऱ्याच्या तोंडावर दुःख शोधूनही सापडलं नसतं. तो म्हणाला, "बकरीले म्हणा, आता तिची तीच जिम्मेदार."

खाली येईपर्यंत मी काही बोलले नाही. बकरीशीसुद्धा.

अंगणात पाहुणे येऊन बसलेले होते. मुलाचा बाप, मोठ्या पागोट्याचा, आणि मुलाची आई. सासू सुरा घेऊन सरळ माझ्याकडे आली आणि दोर ओढू लागली. मी सोडेना. तिकडे पाहुण्याने विचारलं, "इवाई, कुठं गेलते?"

"डोंगरावर."

"काय आणलं?"

सासऱ्याला खोटं बोलता येत नसे. त्याने नाला सांगितला, डुकरीण सांगितली, तो दातऱ्या कसा उभा होता तेही उभं राहून दाखवलं.

पाहुणा पुढे सरकला. "उंबराखालच्या कुंडाजवळ? ते कुंड अजून हाय?"

"हाय ना. पानीबी हाय."

"मी बापासंग बैलं घेऊन जायचो तवा तिथं मुक्काम पडे. अन् तो तांब्यावानी होते तो कडा?"

"दिवस बुडाच्या वक्ती अजून मस्त दिसते."

"मंग बसले काय? चला!"

"अवो, जेवन?" सासू ओरडली.

"जेवन काय पळून जाते?" म्हणत पाहुणा उठला आणि तिघेही गेले. बंदूक भिंतीला टेकलेलीच राहिली. तिची आठवण कुणालाही झाली नाही.

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. "माह्या घरी हेच हाय. दोर सोडा, इनबाई. कापू नका. मटनाचा मान ज्याले द्याचा, तो त गेला निघून. बेसन टाका."

सासूने दोर सोडला. आम्ही बायकांनीच बसून सोयरीक पक्की केली. पुरुष असते तर दुप्पट वेळ लागला असता.

दिवे लावायच्या वेळी तिघे परत आले, काटे टोचलेले आणि खूश. ताटावर बसल्यावर पाहुण्याने बेसनाकडे पाहिलं आणि विचारलं, "मटन कायचं हाय?"

"तुम्ही आनलं नाही त्याचं," विहीणबाई म्हणाल्या.

त्याने मुकाट्याने चार भाकरी खाल्ल्या. निघताना त्याने पुढच्या भेटीचा दिवसही ठरवला. तो लग्नाच्या बोलणीसाठी नव्हे, डोंगरासाठी. म्हणजे पुन्हा पाहुणा, पुन्हा मटण आणि पुन्हा हेच दोघे शिकारी. मी त्याच आठवड्यात बकरी नेरला माहेरी नेऊन बांधली आणि नणंदेचं लग्न उरकल्यावरच परत आणली.