नाक धरून केलेली चोरी

त्या तांब्याच्या हंड्याची गोष्ट निघाली की मला माझ्या तेव्हाच्या हसण्याची लाज वाटते. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी कर्जतला नवा फौजदार होतो आणि भाताची लावणी जोरात चालली होती. जवळच्या पोशीर गावात भरदुपारी, घरची सगळी शेतावर असताना, एकट्या म्हातारीला दम देऊन कुणीतरी हंडा पळवला. डोक्यावरून पावसाचं इरलं ओढलेलं, त्यामुळे तोंड दिसलं नाही. आवाज मात्र गेंगाणा, नाकातला.

दुसऱ्याच दिवशी गावातला एक नकल्या खबर घेऊन ठाण्यात हजर. "सायेब, आमच्यात गेंगाणा एकच हाय," म्हणाला, आणि चिमटीत नाक धरून त्या गेंगाण्या शेतकऱ्याची अशी नक्कल केली की हवालदाराच्या हातून टाक पडला. मीही पोट धरून हसलो. लगेच त्या शेतकऱ्याला उचलून आणला.

चौकशीत तो गडी अवाक्षर काढीना. दटावलं, चहा पाजला, शून्य! गप्प बसतो तो गुन्हेगार, अशी तेव्हा माझी पक्की समजूत. सकाळी त्याला कोर्टात उभा करायचा होता. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. "सायेब, रोप वाढून चाललंय. ह्यांना सोडलं नाय तर लावणी ऱ्हाईल. मग वरीसभर खायाचं काय आमी?" मी तिला कायदा ऐकवला.

अर्धवट राहिलेला जबाब पुरा करायला म्हातारीला बोलावलं. "आजी, चोर बोलला ते जसंच्या तसं सांगा."

"'बुकाट्याद बस' बोलला. अन् येडाच व्हता मेला! दर बोलन्याला हंडा खाली ठेवायचा." एवढं सांगून ती लाजली. "आनखी बी एक बोलला, पन ते मी नाय सांगायची."

मला आठवडाभर सर्दी होती. "हवालदार, बाझा रुबाल द्या," मी म्हणालो, आणि जागीच थबकलो. नाक चोंदलं की 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' होतो, 'मुकाट्यानं'चं 'बुकाट्याद'. म्हणजे चोराचंही नाक बंद होतं! आणि हंडा खाली का ठेवायचा? नाक धरायला हात मोकळा नको?

हवालदाराचा दाढीचा आरसा घेऊन मी कोठडीत गेलो आणि शेतकऱ्याच्या नाकाखाली धरला. "नुसतं 'प' म्हण." फार विनवण्या केल्यावर म्हणाला, आणि आरशावर वाफ धरली. हवालदाराच्या 'प'ला आरसा कोरडा ठणठणीत. ह्याच्या टाळूलाच जन्मापासून भोक होतं, वारा नाकातून निसटायचा. ह्याच्या 'ब'चा 'म' व्हायचा, नाक धरणाऱ्याचं नेमकं उलटं. सारं गाव नाक धरून ह्याची टर उडवायचं, आणि ती नक्कलच मुळात चुकीची!

मग ओळखपरेड लावली. तरटाच्या पडद्याआड म्हातारी, इकडे दहा माणसं. प्रत्येकाने 'मुकाट्याने बस' एवढंच म्हणायचं. नकल्याला म्हटलं, "एक माणूस कमी पडतोय, होऊन जाऊ द्या तुमची ती नक्कल." गडी फुगला. नाक धरलं आणि भरात येऊन ओरडला, "ए बोळके, बुकाट्याद बस!"

पडदा उडाला. "मेल्या, बोळके म्हनलेलं मी सायबाला बी सांगितलं नव्हतं!" म्हातारी दात नसलेल्या तोंडाने कडाडली. संध्याकाळी हंडा नकल्याच्या पेंढ्यात सापडला.

शेतकऱ्याला सोडताना मी विचारलं, "बाबा, आधी का नाही बोललास?" त्याचा उच्चार इथे लिहीत नाही, एकदा नक्कल झाली तेवढी पुरे. म्हणाला, "बोललो असतो तर तुमी हसला असता." तो समोर नसतानाच मी हसून मोकळा झालो होतो. मी टाक उचलला, त्याचा जबाब घ्यायला बसलो, आणि तो तासभर बोलत राहिला.

लावणी वेळेत झाली. पुढच्या बाजाराला त्याची बायको पुन्हा ठाण्यात. "काय करून ठेवलंत सायेब? हे आता गपच बसत नायत!" हा दखलपात्र गुन्हा नाही, असं मी तिला सांगितलं.

पुढे सबंध नोकरीत, कागदावर 'आरोपी काही बोलत नाही' असं लिहिण्याआधी मी टाक खाली ठेवायचो आणि आधी चौकशी करायचो, ह्याला हसलं कोण?